ईमेलचे विस्मृत दप्तरदार

१/ ईमेलचा इतिहास सांगताना बहुतेक जण १९७१ सालापासून आरंभ करतात. अमेरिकेतील केंब्रिज येथे रे टॉमलिन्सन यांनी शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन संगणकांमध्ये संदेश पाठवला, माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये 'ॲट' हे चिन्ह घातले आणि नव्या टपालाचा जन्म झाला, अशी ही कथा आहे. कथा खरी आहे, परंतु अपुरी आहे. टपालाच्या इतिहासात पत्र कोणी शोधून काढले एवढेच विचारून भागत नाही. ते कोण वाटत होते, कोण राखत होते आणि कोण रद्दीत काढत होते, हेही विचारावे लागते. हा धागा त्या राखणाऱ्यांविषयी आहे.

२/ या धाग्याचे म्हणणे असे: कंपन्यांचे आणि सरकारी कचेऱ्यांचे मेल सर्व्हर सांभाळणारे तंत्रज्ञ हे आपल्या काळाचे दप्तरदार आहेत. त्यांनी लिहिलेल्या छोट्या छोट्या स्क्रिप्ट हे आपल्या काळाचे अस्सल ऐतिहासिक साधन आहे. इतिहासाचा विद्यार्थी पत्र वाचायला शिकतो. ते पत्र ज्या व्यवस्थेमुळे टिकले, ती व्यवस्था वाचायला मात्र क्वचितच शिकतो. ही उणीव तशीच राहिली, तर एकविसाव्या शतकाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची फसगत अटळ आहे.

३/ प्रथम यंत्रणेची तोंडओळख. पाठवलेला संदेश थेट समोरच्याच्या संगणकात जाऊन पडत नाही. तो आधी स्वतःच्या संस्थेच्या सर्व्हरकडे जातो आणि तेथे रांगेत लागतो. सर्व्हर पत्त्यावरून पुढचा सर्व्हर शोधतो आणि संदेश त्याच्या हवाली करतो. पलीकडचा सर्व्हर तो योग्य मेलबॉक्समध्ये टाकतो. प्रत्येक टप्प्याची नोंद लॉगमध्ये होते: कोणी, कोणाला, केव्हा, केवढा संदेश पाठवला. म्हणजे एका पत्रामागे दोन साधने उभी असतात. एक पत्राचा मजकूर आणि दुसरी त्याच्या प्रवासाची नोंदवही.

४/ या यंत्रणेला माणूस लागणार, हे आरंभापासूनच ठाऊक होते. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला एसएमटीपीचा नियमलेख प्रसिद्ध झाला. आजचे ईमेल त्याच नियमांच्या सुधारित आवृत्तीवर चालते. संदेशाच्या स्वरूपाविषयीचा दुसरा नियमलेख त्याच महिन्यात आला. त्यात प्रत्येक ठिकाणी 'पोस्टमास्टर' या नावाचा पत्ता असलाच पाहिजे, असे सांगितले होते. पत्र हरवले किंवा भलत्याच्या हाती पडले, तर दाद कोणाकडे मागायची, याची ही सोय होती. त्या जागेवरची माणसे बदलतील, जागा मात्र कायम राहील, हे त्यातले गृहीत.

५/ या पदाच्या हाती केवढी सत्ता आहे, हेही फार लवकर दिसून आले. एमआयटी या संस्थेत १९६५ साली टॉम व्हॅन व्ह्लेक आणि नोएल मॉरिस यांनी एकाच मोठ्या संगणकाच्या सामायिक वापरकर्त्यांसाठी 'मेल' ही आज्ञा लिहिली. सर्वांना एकदम संदेश पाठवण्याचा अधिकार फक्त यंत्रणा सांभाळणाऱ्यांना होता. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्यांच्यापैकीच एकाने तो अधिकार वापरून प्रत्येक वापरकर्त्याला युद्धविरोधी संदेश पाठवला, असे व्हॅन व्ह्लेक यांनी नोंदवून ठेवले आहे. हेतू थोर होता की नव्हता, हा वेगळा वाद. टपालखात्याच्या किल्ल्या ज्याच्याकडे, त्याचा आवाज सर्वांत मोठा, हे मात्र त्या दिवशी सिद्ध झाले.

६/ सर्व्हर चालवणे हे स्वतंत्र कसब ठरले ते 'सेंडमेल'मुळे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तेव्हा अनेक जाळी एकत्र नांदत होती आणि प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची तऱ्हा निराळी होती. एरिक ऑलमन यांनी आधी 'डिलिव्हरमेल' आणि नंतर १९८०च्या दशकाच्या आरंभी 'सेंडमेल' ही आज्ञावली लिहिली. एका पद्धतीचा पत्ता दुसऱ्या पद्धतीत कसा उलथायचा, याचे नियम एका फाइलमध्ये लिहायचे, ही तिच्यातली कल्पना. ती फाइल इतकी दुर्बोध असे, की पुढे ती तयार करून देण्यासाठीच वेगळ्या आज्ञा लिहाव्या लागल्या. यथावकाश तिच्यावर जाडजूड ग्रंथ निघाले.

७/ अशी एखादी मांडणी चुकीची राहिली, की काय होते, हे २ नोव्हेंबर १९८८ रोजी जगाने पाहिले. रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला 'वर्म' त्या दिवशी इंटरनेटवर पसरला. त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक सेंडमेलमधून जात होती. चाचणीपुरती ठेवलेली एक सोय असंख्य सर्व्हरांवर चालूच राहिली होती. तिच्यामुळे पत्त्याच्या जागी थेट आज्ञा पाठवता येत असे. हजारो यंत्रे ठप्प झाली. अशा संकटांशी सामना करण्यासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठात समन्वय केंद्र उभे राहिले. कोणाच्याही आठवणीत नसलेल्या एका सोयीमुळे हे सारे घडले होते.

८/ भारताचे या कथेतील पहिले पाऊल मुंबईत पडले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'एर्नेट' या शैक्षणिक जाळ्याची उभारणी सुरू झाली. जुहू येथील एनसीएसटी ही संस्था तिच्या केंद्रस्थानी होती. टेलिफोनच्या तारेवरून ठरावीक वेळी संपर्क साधायचा आणि साठलेली पत्रे एकगठ्ठा ढकलायची, असा तो काळ. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, व्हीएसएनएलच्या सेवेतून. त्याआधीच्या त्या पत्रांचे काय झाले, कोणत्या टेपेवर ती आहेत, की पुसली गेली, हा मुंबईच्या आधुनिक इतिहासातला संशोधनाला साद घालणारा विषय आहे.

९/ १९९०च्या दशकात ईमेल विद्यापीठांतून कंपन्यांत आले. 'लोटस नोट्स' १९८९ सालचे. मायक्रोसॉफ्टचे 'एक्स्चेंज सर्व्हर' १९९६ सालचे. आता सर्व्हरकडे टपालाखेरीज भेटींची दिनदर्शिका, सहकाऱ्यांचे पत्ते, सामायिक कागदपत्रे असा सारा संसार आला. कंपनीतील प्रत्येक निर्णयाची चाहूल प्रथम सर्व्हरला लागू लागली. पूर्वी चिटणिसाच्या दौतीतून जे उतरत असे, ते आता एका बंद खोलीतील यंत्रात साठू लागले. त्या खोलीची किल्ली संचालकांकडे नव्हती, तंत्रज्ञाकडे होती.

१०/ त्या खोलीत काय घडू शकते, याचा नमुना खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये १४ ऑक्टोबर १९९७ रोजी दिसला. 'बेडलॅम डीएल ३' नावाच्या एका वितरणयादीत सुमारे १३ हजार पत्ते होते. आपण या यादीत का आहोत, मला काढा, असे एकाने सर्वांना लिहिले. मग 'मलाही काढा' असे दुसऱ्याने, तिसऱ्याने, शेकडोंनी सर्वांनाच लिहिले. तासाभरात सुमारे दीड कोटी संदेश फिरले आणि कंपनीची अंतर्गत टपालव्यवस्था कोलमडली. त्यानंतर एका संदेशाला किती जणांपर्यंत जाऊ द्यायचे, याची मर्यादा घालण्याची सोय एक्स्चेंजमध्ये आली. आज कोणत्याही कार्यालयात अशी मर्यादा दिसली, तर तिच्या मागे हा दिवस आहे.

११/ अशा यंत्रणेचा कारभार हाताने करणे अशक्य होते. युनिक्सवरचे प्रशासक पूर्वीपासून कामे लिहून ठेवत: आज्ञांची ओळीने यादी, म्हणजे स्क्रिप्ट, आणि ती रोज ठरल्या वेळी चालवणारा 'क्रॉन'. विंडोजच्या जगात मात्र बहुतांश कारभार माऊसने चाले. पाचशे जणांची खाती उघडायची, तर पाचशे वेळा तेच खिडकीतले सोपस्कार. त्यात एक ऐतिहासिक अडचणही होती. माऊसची टिचकी मजकूर मागे ठेवत नाही. तिची प्रत काढता येत नाही, ती दुसऱ्याला वाचून दाखवता येत नाही, आणि ती का मारली, हे समासात लिहिता येत नाही.

१२/ ही कोंडी फोडण्याचा आराखडा जेफ्री स्नोव्हर यांनी ऑगस्ट २००२ मध्ये 'मोनॅड मॅनिफेस्टो' या लेखातून मांडला. त्यातून २००६ साली 'पॉवरशेल' बाहेर आले. त्याच वर्षाच्या अखेरीस तयार झालेल्या एक्स्चेंज २००७ ने एक वेगळा निर्णय घेतला. व्यवस्थापनाची खिडकी पॉवरशेलच्या आज्ञांवरच उभी केली गेली. प्रशासक खिडकीत टिचकी मारी, तेव्हा आत एक आज्ञाच चाले, आणि काम झाल्यावर ती आज्ञा पडद्यावर दाखवली जाई. पुढच्या वेळी तीच ओळ उचलून हजार खात्यांवर चालवता येई.

१३/ या आज्ञांचे व्याकरण साधे आहे: आधी क्रियापद, मग नाम. 'गेट-मेलबॉक्स' म्हणजे मेलबॉक्स दाखव. 'सेट-मेलबॉक्स' म्हणजे त्याची मांडणी बदल. 'रिमूव्ह-मेलबॉक्स' म्हणजे काढून टाक. आज्ञेच्या शेवटी 'व्हॉटइफ' हा शब्द जोडला, की यंत्र काम करत नाही. केले असते तर काय झाले असते, एवढेच सांगते. शहाणा प्रशासक 'रिमूव्ह'च्या आधी 'व्हॉटइफ' लावून पाहतो. इतिहासकाराला या भाषेचे अप्रूप वाटावे, कारण मौखिक कारभार येथे लेखी झाला आहे. निर्णय कोणत्या शब्दांत घेतला गेला, ते आता अक्षरशः वाचता येते.

१४/ एका साध्या स्क्रिप्टची कल्पना करावी. नोकरी सोडून ठरावीक दिवस झालेल्या कर्मचाऱ्यांची यादी काढ, त्यांतून कायदेविषयक राखण लागलेली नावे वगळ, उरलेल्यांचे मेलबॉक्स काढून टाक, अहवाल पाठव. जेमतेम चार ओळी. कंपनीच्या धोरणपुस्तिकेत याच विषयावर कदाचित चाळीस पाने असतील. पुस्तिका सांगते, काय व्हायला हवे होते. स्क्रिप्ट सांगते, दर रविवारी रात्री प्रत्यक्ष काय होत होते. दोहोंत विसंगती आढळली, तर साधन म्हणून वजन स्क्रिप्टला द्यावे लागेल.

१५/ नोंदी टिकवण्यात दप्तरदाराचे महत्त्व किती, हे दाखवणारे पहिले मोठे प्रकरण अमेरिकेच्या अध्यक्षीय निवासातले आहे. १९८६ साली इराणला गुपचूप शस्त्रे विकून तो पैसा निकाराग्वातील काँट्रा बंडखोरांकडे वळवल्याचे उघड होऊ लागले. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत तेव्हा आयबीएमची 'प्रॉफ्स' ही कार्यालयीन टपालयंत्रणा होती. मोठ्या कंपन्या वापरत तीच. सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर आणि त्यांचे सहकारी ऑलिव्हर नॉर्थ यांनी त्या नोव्हेंबरच्या अखेरीस आपल्या खात्यांतील पाच हजारांहून अधिक संदेश पुसले.

१६/ तरीही ते संदेश चौकशी आयोगाच्या हाती लागले, कारण यंत्रणा सांभाळणारे कर्मचारी नित्यक्रमाने बॅकअप टेपा काढत असत. एरवी अशा टेपा काही दिवसांनी पुसून पुन्हा वापरल्या जातात. त्या नोव्हेंबरच्या टेपा मात्र बाजूला ठेवण्यात आल्या. बटण दाबले की संदेश कायमचा गेला, असा आपला प्रामाणिक समज होता, असे नॉर्थ यांनी पुढे सांगितले. सत्तेच्या शिखरावरील माणसाला ठाऊक नसलेली गोष्ट टेपा बदलणाऱ्या कर्मचाऱ्याला ठाऊक होती. फेब्रुवारी १९८७ च्या टॉवर आयोगाच्या अहवालात ते संदेश आले.

१७/ कथेचा उत्तरार्ध इतिहासाच्या विद्यार्थ्याला अधिक मोलाचा आहे. १९ जानेवारी १९८९ रोजी, म्हणजे रेगन यांची कारकीर्द संपण्याच्या आदल्या दिवशी, 'नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्ह' ही अशासकीय संशोधनसंस्था आणि इतर काही जण न्यायालयात गेले. मावळत्या प्रशासनाच्या टेपा पुसल्या जाऊ नयेत, अशी त्यांची मागणी होती. सरकारचे म्हणणे असे, की महत्त्वाचे संदेश छापून फाइलला लावले म्हणजे झाले. १९९३ साली आधी न्यायाधीश चार्ल्स रिची यांनी आणि नंतर अपील न्यायालयाने हा युक्तिवाद अमान्य केला.

१८/ अमान्य करण्याचे कारण पाहण्याजोगे आहे. छापलेल्या कागदावर मजकूर येतो. पण तो कोणाकोणाला गेला आणि केव्हा पोचला, हे त्यावर नेहमी येत नाही. ही माहिती यंत्रात असते. म्हणून यंत्रातील नोंद ही कागदाची दुय्यम प्रत नसून स्वतंत्र अस्सल दस्तऐवज आहे, हे मान्य झाले. पत्रावरची मिती, शिक्का आणि पोचल्याची नोंद यांवरून अस्सलपणा ठरवणाऱ्या आपल्या अभ्यासकांना हे नवे नाही. मजकूर तेवढा उतरवून घेतला आणि मिती-शिक्के टाकून दिले, तर पत्राचे अर्धे मोल जाते.

१९/ दुसरे प्रकरण त्याच निवासातले, पण त्यातला धडा निराळा आहे. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या काळात, २००२ नंतर, तेथील टपाल लोटस नोट्सवरून एक्स्चेंजवर हलवण्यात आले. जुन्या यंत्रणेला जोडलेली स्वयंचलित नोंदसंग्रहण व्यवस्था नव्या यंत्रणेशी जुळली नाही. मग संदेश हाताने वेगळ्या फाइलींत साठवून, त्या फाइलींना हाताने नावे देण्याची पद्धत पडली. काही वर्षांनी लक्षात आले, की कित्येक दिवसांचे संदेश जागेवर दिसतच नाहीत.

२०/ २००७ साली दोन संस्थांनी दावे लावले. डिसेंबर २००९ मध्ये तडजोड झाली, तेव्हा सुमारे २ कोटी २० लाख संदेश हाती लागल्याचे जाहीर झाले. त्यांतले बरेच केवळ चुकीच्या नावाखाली पडून होते. इराक युद्धाच्या काळातील अध्यक्षीय कार्यालयाचा पत्रव्यवहार फाइलीला नाव देण्याच्या सवयीवर टांगून राहिला, ही घटना क्षुल्लक म्हणता येणार नाही. कोणी जाणूनबुजून कट केला की नाही, हा प्रश्न राजकारणाचा. यंत्रणा बदलताना संग्रहणाची जोडणी तुटली, तर कटाशिवायही इतिहास हरवू शकतो, हा या धाग्याचा मुद्दा.

२१/ कंपन्यांच्या जगात हाच प्रश्न एन्रॉनच्या निमित्ताने पेटला. महाराष्ट्राला हे नाव दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे चांगलेच परिचित आहे. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याआधी, १२ ऑक्टोबरला, तिचे लेखापरीक्षण करणाऱ्या आर्थर अँडरसनच्या वकिलाने सहकाऱ्यांना ईमेलने दस्तऐवज-धोरणाची आठवण करून दिली होती. त्यानंतर कागद आणि फाइली मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. जून २००२ मध्ये अँडरसन दोषी ठरली; २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती शिक्षा रद्द केली, कारण ज्यूरीला दिलेल्या सूचना सदोष होत्या.

२२/ त्या निकालपत्रातील एक निरीक्षण लक्षात ठेवावे. जुने दस्तऐवज काढून टाकण्याची धोरणे व्यापारात सर्रास असतात आणि सामान्य परिस्थितीत त्यांचे पालन करा असे सांगणे गैर नाही, असा त्याचा आशय. कायद्याच्या दृष्टीने हे रास्त आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र यातच खरी मेख आहे. संशयास्पद रीतीने जाळलेल्या कागदाची चौकशी होते. धोरणानुसार दर ९० दिवसांनी आपोआप पुसल्या जाणाऱ्या मेलबॉक्सची चौकशी कोणी करत नाही, आणि पुसले जाणारे बहुसंख्य मेल या दुसऱ्या प्रकारातले असते.

२३/ एन्रॉनचा दुसरा वारसा म्हणजे तिचा ईमेलसंग्रह. अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने चौकशीत गोळा केलेले संदेश २००३ साली खुले केले. त्यांतील सुमारे १५० व्यक्तींचे पाच लाखांच्या आसपास संदेश आज संशोधकांना उपलब्ध आहेत. स्पॅम ओळखण्यापासून भाषेच्या अभ्यासापर्यंत त्यांचा उपयोग झाला. गंमत अशी, की त्यात 'डिलीटेड आयटम्स' या नावाच्या फोल्डरांतील पत्रेही आहेत. लिहिणाऱ्याने टाकून दिलेले पत्र अभ्यासक निवांत वाचतो आहे. तरीही हे दीडशे लोक म्हणजे एन्रॉन नव्हे. कोणाची खाती गोळा झाली, यावरून तिचे चित्र ठरले.

२४/ पुढे न्यायालयांनी दप्तरदारीचे नियम कडक केले. न्यूयॉर्कमधील जुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या खटल्यात न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी २००३-०४ मध्ये अनेक निर्णय दिले. खटल्याची चाहूल लागताच नेहमीचे पुसणे थांबवलेच पाहिजे, आणि ते थांबले की नाही यावर वकिलांनी लक्ष ठेवले पाहिजे, हे त्यांतून पक्के झाले. एक्स्चेंज २०१० मध्ये 'लिटिगेशन होल्ड' आले. एका ओळीची आज्ञा दिली, की त्या मेलबॉक्समधले काहीही खऱ्या अर्थाने पुसले जात नाही. पुसणाऱ्याला मात्र पुसल्याचा भास होतो.

२५/ आता मुळातल्या मांडणीकडे पाहावे. प्रशासकाने काहीच बदलले नाही, तर एक्स्चेंज पुसलेला संदेश १४ दिवस आणि काढलेला मेलबॉक्स ३० दिवस परत मिळण्याजोगा ठेवते. प्रशासकाने चालवलेल्या आज्ञांची नोंदवही ९० दिवसांपर्यंत राहते, आणि तिच्यात 'गेट'ने सुरू होणाऱ्या आज्ञा मुळात लिहिल्याच जात नाहीत. बदल कोणी केला, याची नोंद होते; यादी कोणी पाहिली, याची होत नाही. हे आकडे कोण्या विधिमंडळाने ठरवलेले नाहीत. तरीही जगभरच्या असंख्य कचेऱ्यांची स्मृती किती लांबीची असावी, हे त्यांनी ठरवले आहे.

२६/ पेशवे दप्तराची आठवण येथे अपरिहार्य आहे. पुण्यात रुमालांत बांधून राहिलेले ते मोडी कागद टिकले, म्हणून १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई त्यांतून ४५ खंड निवडून काढू शकले. त्या कागदांचा मूळ उपयोग हिशेब, इनामे आणि हुजुराच्या आज्ञा यांपुरता होता. इतिहासासाठी ते कोणी लिहिले नव्हते. काम संपल्यावर पुसून टाकायचे, असा आजचा नियम तेव्हा असता, तर अठराव्या शतकातील महाराष्ट्राच्या आपल्या ज्ञानाला केवढी खिंडारे पडली असती, याची कल्पनाच केलेली बरी.

२७/ भारतीय कायद्याने या दप्तरदाराला साक्षीदाराचा मान दिलेला आहे. जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५-ब नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागे, आणि ते त्या यंत्राच्या कामकाजाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने द्यायचे असे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूकवादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये मूळ यंत्र हजर केलेले नसल्यास हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही अट अधिक काटेकोर झाली आहे. कायद्याने दप्तरदाराचे महत्त्व ओळखले; इतिहासलेखनाने ते अजून ओळखायचे आहे.

२८/ एक आक्षेप रास्त आहे. सारे काही कायमचे राखा, ही मागणी माणसाच्या खासगीपणावर घाला घालते. एन्रॉनच्या संग्रहात सामान्य कर्मचाऱ्यांची घरगुती पत्रेही जगासमोर आली. त्यांतली काही नंतर विनंतीवरून काढावी लागली. ज्यांनी कोणताही अपराध केला नव्हता, त्यांच्या आयुष्याची ही लूट होती. त्यामुळे पुसण्याला सरसकट विरोध करणे चूक ठरेल. मागणी एवढीच असावी, की पुसण्याचा निर्णय माणसाने समजून-उमजून घ्यावा, आणि काय पुसले, कोणत्या नियमाने पुसले, याची नोंद मागे राहावी. पत्र गेले तरी पत्र गेल्याची खूण राहिली पाहिजे.

२९/ दुसरा आक्षेप असा, की इतिहासकाराला साधने नेहमीच तुटपुंजी मिळाली. वाळवी, आग आणि लुटालूट यांतून जे वाचले, त्यावरच त्याने काम केले. हे खरे. पण वाळवी निवड करत नाही. तिने खाल्लेल्या पानांवरून राहिलेल्या पानांविषयी काही अनुमान काढता येत नाही. स्क्रिप्ट मात्र निवड करते: या पदापर्यंतच्या लोकांचे ठेव, त्याखालच्यांचे काढ, या विभागाचे सात वर्षे, त्या विभागाचे तीन महिने. ही निवड ठाऊक नसेल, तर संचालकांची पत्रे वाचून कंपनीचा इतिहास लिहिला जाईल आणि तिथे राबणाऱ्या कारकुनाचा आवाज मुळात नव्हताच, असे वाटेल.

३०/ म्हणून तीन सूचना. एखाद्या कंपनीचा किंवा संस्थेचा ईमेलसंग्रह अभिलेखागारात येईल, तेव्हा त्यासोबत नोंदी राखण्याची त्या काळची मांडणी, ती अमलात आणणाऱ्या स्क्रिप्ट त्यांच्यातील टिपांसह, आणि प्रशासकांच्या आज्ञांची नोंदवही, एवढे मागून घ्यावे. इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मोडी लिपीसोबत या नव्या दप्तराच्या भाषेची तोंडओळख असावी. ती मोडीहून अवघड नाही. आणि जुन्या मेल प्रशासकांच्या मुलाखती, ते हयात आहेत तोवर, घेतल्या जाव्यात. त्यांपैकी अनेक जण आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत.

३१/ ज्यांच्या घरात किंवा ओळखीत असे कोणी असेल, त्यांनी त्यांना एवढेच विचारून पाहावे: तुमच्या सर्व्हरवर रोज रात्री कोणती स्क्रिप्ट चालत असे, ती काय ठेवत असे आणि काय पुसत असे? उत्तर लिहून ठेवावे, त्यावर मिती घालावी. पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक विचारात पडेल, की अमुक एका साली या कंपनीतील माणसे अचानक लिहायची का थांबली. ती थांबली नव्हती. त्या साली कोणीतरी एक ओळ बदलली होती, हे त्याला त्या टिपणावरून कळेल.

#धागा #इतिहास #ईमेल #दप्तर